पोळ्याच्या दिवशी लागलेला दिवा

कटंगीच्या बसचा कंडक्टर दारातूनच मला म्हणाला, "तुमचे भास्कर मास्तर गेले जी, वारासिवनीत." मी बालाघाटच्या स्टँडवर उभा होतो. मनात पहिला विचार आला तो हा, की आता बाबांना कसं सांगायचं... दुःख मागून आलं. महिना झाला, तरी त्याची मला लाज वाटते.

भास्कर माझा लहानपणचा सोबती, रामपायलीजवळच्या आमच्याच गावचा. पुढे वारासिवनीच्या शाळेत विज्ञान शिकवू लागला. गावात तेव्हा विजेचे खांब नव्हते. हा सुटीत आला की आमच्या ओट्यावर चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन बसायचा. चुंबक तारेजवळ नुसतं ठेवून काही होत नाही, म्हणायचा. ते वेटोळ्यात हललं, फिरलं, तरच तारेत वीज वाहते; थांबलं की बंद. जितकं जोरात फिरेल तितकी वीज जास्त. धरणावर ते पाणी फिरवतं, आपल्याकडे बैल फिरवेल! लोक हसायचे. माझे बाबा तेवढे हसत नसत. त्यांना तो दिवा बघायचाच होता.

सारं गाव एका जागी सापडायचं ते पोळ्याला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकून "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचं, आणि पोळ्याला त्यांच्या मानेवर जू म्हणून ठेवायचं नाही. पण भास्करने दिव्यासाठी आमचा बैल मागितला आणि बाबा "हौ" म्हणाले. म्हातारे कुरकुरले, ते कोण ऐकतो! उसाच्या चरकाला आमचा हरण्या जुंपला, झूल आणि बाशिंगासकट. चरकाच्या खांबाला पट्टा, पट्ट्यावर सायकलचं चाक, चाकाला डायनेमो. हरण्या चालू लागला आणि बल्बातली तार लाल झाली. केवढा गलका झाला! भास्करने बैलाला दामटलं, दिवा पांढरा झाला. गलक्यात कोणीतरी "आखीन जोरात" म्हटलं, त्याने पुन्हा दामटलं. खाली पावसाचा चिखल. हरण्या घसरला, पाय मोडला. दिवाळीच्या आधीच तो गेला.

त्यानंतर भास्कर आमच्या घरची पायरी चढला नाही. बाबा त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नसत. पुढे गावात खरी वीज आली, मी स्वतः बोलवायला गेलो, तरी आला नाही. शाळेत कामं आहेत म्हणाला. मी त्याला तोंडावर भेकड म्हटलं. एका बैलापायी माणसं तोडतोस, असंही म्हटलं. वर त्यानेच मला चहा पाजला, बसपर्यंत सोडायला आला.

तेरवीला बाबा हट्टाने माझ्यासोबत आले. भास्करच्या खोलीत त्याच्याच खुर्चीवर त्यांना बसवलं. बराच वेळ ते टेबलावरच्या तारांच्या गुंडाळ्या चाचपत होते. मग वहिनींना, म्हणजे भास्करच्या बायकोला, हाक मारली. त्या बाबांना सासऱ्यासारखं मामाजी म्हणत.

"पोरी, आखीन जोरात हाक असं म्याच ओरडलोतो. त्याची चूक नोहती. मले लई उजेड पाह्यचा होता... गावासमोर कबूल करायची हिंमत झाली नाही. तो आला असता तं त्याले सांगतलं असतं."

वहिनींनी पदराने डोळे पुसले.

"त्यायले मालूम होतं, मामाजी. आवाज वळखलाच होता. म्हणून तं येत नोहते. म्हणत, मले पाह्यलं का मामाजी मान खाली घालतीन, ते मले पाह्यवणार नाही."

बाहेर गावाकडची शेवटची बस भोंगा वाजवत होती. मी दोनदा म्हटलं, बाबा, चला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि मान खाली घातली होती.