वीस मिनिटांवरचं धुळे

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी सकाळी मी जळगावच्या बसस्थानकावर एकटाच उभा होतो. बायको गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. तिच्या नावाने पाण्याची घागर भरायची होती आणि ती कशी भरतात, हे या सत्तरीच्या माणसाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते धुळ्याच्या अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला. पण मुराळी (माहेरी न्यायला येणारा भाऊ) दारात आल्याशिवाय अक्का पाऊल उचलत नाही. इतकी वर्षं माझ्याऐवजी मुलगाच जायचा.

मुलगा आता बंगळुरूला. त्याने कुठल्याशा संकेतस्थळावर बघून मला फोनवर सांगितलं, "बाबा, जळगाव विमानतळ ते धुळे विमानतळ, फक्त वीस मिनिटं!" ते विमान किती वाजता सुटतं, हे मात्र त्या पानावर नव्हतं, कारण ते सुटतच नाही. मला थट्टेची हुक्की आली. अक्काला फोन लावून म्हटलं, "उद्या सकाळी विमानानेच येतो, वीस मिनिटांत!" तिने "बरं" म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, हसली असेल.

एरंडोलपर्यंत बस नीट धावली. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, माणूस कुठे दिसेना. पारोळ्याच्या अलीकडे टायर पंक्चर झाला आणि आम्ही सगळे बाभळीच्या विरळ सावलीत उतरलो. शेजारच्या सीटवरच्या सावद्याच्या केळी-व्यापाऱ्याने पिशवीतून दोन केळी काढून माझ्या हातात ठेवली.

"कुठे निघाले, नाना?"

"बहिणीला आणायला. मुराळी आहे मी."

"या वयात?" तो मनापासून हसला. मीही हसलो. किती दिवसांनी कोणाच्या तरी सोबतीने खात होतो! एकटं जेवणं मला अजून जमलेलं नाही.

धुळ्याला पोचायला दीड वाजला. रिक्षाने गोंदूर रस्त्यावरच्या अक्काच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली.

"अक्का? त्या तं सकाळपासून इमानतळना फाटकपाशी बठेल शेतस. भाऊ इमानमा येई राह्यना म्हने."

रिक्षा तशीच पुढे दामटायला लावली.

फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली अक्का बसली होती. नवं लुगडं, मांडीवर पिशवी, ओठ सुकलेले. पलीकडे रिकामी धावपट्टी उन्हात तापत होती.

"उना (आलास) का रे भाऊ? कितला येळ लाया! एक भी इमान उतरनं नही."

"अक्का, चुकलो. थट्टा केली मी."

शरमेने मला मान वर करवेना. मग तिने पिशवी माझ्या हातात दिली. "जाऊ दे. तू उना ना?"

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तीन तासांचा हा रस्ता मी इतकी वर्षं लांबचा समजत होतो, याचं वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने स्वयंपाकघरात मातीची घागर मांडली, शेजारी डांगर (खरबूज) ठेवलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"आते पानी टाक, आनि तिनं नाव ले."

मी अडखळलो. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला "अगं" म्हणूनच बोलावलं होतं. पाण्याची धार सोडली आणि म्हणालो, "सुमन." या घरात पहिल्यांदाच तिला नावाने हाक मारली, आणि ओ द्यायला ती नव्हती.