पानाची शेवटची ओळ

यंदाच्या सीझनचं पत्रक आलं. गुळगुळीत कागद, सहा मैफली, मागच्या पानावर सगळ्या वादकांची नावं. सेकंड व्हायोलिनच्या यादीत माझं नाव नाही. नसणार हे मला माहीत होतं, तरी ती यादी मी तीनदा वाचली.

दिल्लीच्या या सिंफनी ऑर्केस्ट्रात मी चौदा वर्षं वाजवलं. आठवडाभर मंत्रालयात फायली, आणि रविवारी लक्ष्मीबाई नगरहून व्हायोलिन खांद्याला अडकवून तालमीला. आमच्याकडे सुरावटीचे कागद ठेवायला दोघांत एक स्टँड असतो. प्रेक्षकांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो, आतल्या खुर्चीवरच्यानं पान उलटायचं. आतली खुर्ची माझी. बाहेरची नोएडाहून येणाऱ्या एका कंपनीतल्या साहेबांची. त्यांना पान लवकर उलटलेलं लागे. एक ओळ राहिली की ते भुवई उचलत, मी गज खाली घेई आणि पानाला हात घाली. साहेब अर्थातच वाजवत राहत.

यंदा नवे संचालक आले. म्हणाले, जुने-नवे सगळे परीक्षा देतील, तीही पडद्याआडून; कोण वाजवतंय ते परीक्षकांना दिसणार नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पडद्याआडून ओळखीपाळखी चालत नाहीत. बाहेरची खुर्चीही मिळेल, अशी आशा धरली होती मी. दोन महिने ऑफिसातून आल्यावर सगळ्या अवघड जागा घासून काढल्या. सोप्या जागांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

परीक्षेला स्टँडवर यंदाच्या पहिल्याच मैफलीतली रचना होती, आम्ही आधी दोनदा वाजवलेली. छान चाललं होतं, सूर लागला होता. पान संपत आलं, एक ओळ राहिली, आणि माझा गज आपोआप खाली आला. मी पान उलटलं.

खोलीत शांतता. पलीकडे कुणीतरी खाकरलं, तेव्हा मला कळलं की शेजारी वाजवणारं कुणी नाही. घाईघाईनं पान मागे घेतलं, पण ती ओळ दोन्ही वेळा मी साहेबांच्या व्हायोलिनवरच ऐकलेली. माझ्या बोटांना ती येतच नव्हती. आणि ओळ कसली, व्हायोलिन शिकायच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीनं सहज वाजवावी अशी.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "चलो, रविवार तरी मोकळा झाला तुझा." त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरा राग माझा माझ्यावरच होता. कुणी भुवई उचलली की थांबायचं, हे मी मुकाट्यानं शिकले आणि त्याला शिस्त म्हणत राहिले.

काल साहेबांचा फोन आला. वाटलं, चार शब्द बरे बोलतील.

"मॅडम, ये नई वाली पन्ना टाइम पे नहीं पलटती, बजाती ही रहती है. आपके जैसा कोई नहीं पलटता, यार."

चौदा वर्षांत त्यांनी केलेलं माझं हे पहिलं कौतुक. मला राहवलं नाही. विचारलं, "और मैं बजाती कैसा थी?"

पलीकडून नुसतं "अं..." आलं. आठवून पाहत असावेत.

"अच्छा ही बजाती होंगी, मॅडम," ते म्हणाले.