सत्ताविसावा आठवडा

माझं अक्षर खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला शाळेत असतानाही कधी बसला नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही सांगता येणार नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढं लिहिलं ते सहीपुरतं आणि किराण्यापुरतं. ओळी वरखाली झाल्या तर होऊ देत.

सांगायचं आहे ते माझ्या धाकट्या जावेबद्दल. ती वाईट बाई नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

वरकुट्याच्या शिवारात आमची वस्ती आहे. दोन भावांची दोन घरं, मधे अंगण, अंगणात चिंच. जाऊ बारामतीची, बारावी झालेली. परक्या माणसाशीही मान वर करून बोलते. माझं तसं नाही. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, तरी दारात अनोळखी कुणी आलं की मी आतूनच म्हणते, "घरी न्हाय कुणी." मी असते घरात, पण स्वतःला धरत नाही.

लेक चौथीत गेली तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी गणिताचे व्हिडिओ करायला घेतले. नुसतं गणित नाही, गोष्ट. शाब्दिक उदाहरणं आली की मुलं अडतात, असं गुरुजींचं म्हणणं. गोष्ट वाचतच नाहीत, आकडे तेवढे उचलतात आणि विचारतात, "गुरुजी, बेरीज करू का वजाबाकी?" पालकसभेत बाकीच्या बाया हे ऐकून हसल्या. मला हसू आलं नाही. मी तशीच होते. मोठा आकडा आधी आला की वजाबाकी करायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

गुरुजींना गोष्ट सांगणारी बाई हवी होती. ते अंगणात आले तेव्हा मी आत होते आणि जाऊ बाहेर होती. एवढंच झालं.

पहिला व्हिडिओ एका म्हातारीचा. ती अंडी घेऊन इंदापूरच्या बाजाराला निघते. वाटेत काही फुटतात, काही ती लेकीच्या घरी देते. चिंचेखाली बसून जाऊ हे सांगते आणि मधेच हात वर करते. "थांबा! आकडे विसरा. आधी सांगा, म्हातारीची अंडी वाढली का कमी झाली?" आधी गोष्ट आकड्यांशिवाय ऐकायची, काय झालं ते आपल्या तोंडानं सांगायचं, मग तीच आकडे घालून ऐकायची. मुलांना ते इतकं आवडलं की संध्याकाळी वस्तीवरच्या घराघरातून माझ्या जावेचा आवाज यायचा. मी भाकरी थापतेय आणि चारी बाजूंनी, "थांबा! आकडे विसरा."

मला येतं ते चौथीपर्यंतचंच, तेही मोडकंतोडकं. पण पोरगी पहिलीत गेल्यापासून मी मनात धरून होते की चौथीपर्यंत तरी ती अडलं-नडलं माझ्याकडे घेऊन येईल. पुढं येणार नाही हे माहीतच होतं. म्हणजे माझं हे शेवटचं वर्ष. आणि नेमकी याच वर्षी ती रोज काकीच्या घरी जाऊन बसायला लागली, कारण आमच्याकडे मोबाईल एकच आणि तो पोरीच्या वडलांबरोबर लोणी देवकरला कंपनीत जातो. दिवेलागण झाली की यायची आणि जेवताना बोलायचीही जावेसारखं. "आई, थांब! आधी सांग, आमटीत मीठ वाढलं का कमी झालं?" तिचे वडील हसले. मी म्हटलं, "जेव गप."

म्हणून मी मोबाईल घ्यायचं ठरवलं. मोबाईल घरात आला की पोरगी घरात राहील. घरात सांगताना अभ्यासासाठी सांगितलं. पोरीचे वडील म्हणाले, "औंदा न्हाय जमायचं." बचत गटात मागायचं तर बैठकीत उभं राहून बोलावं लागतं, ते माझ्याच्यानं होत नाही. शेवटी जावेनंच विचारलं, "किती कमी पडतात, ताई?" कमी काय, सगळेच. तिनं शिलाईचे साठवलेले आठ हजार आणून दिले. वर बारामतीला दुकानात येऊन मोबाईलही तिनंच निवडला, कारण दुकानदार विचारत होता त्यातलं मला काही कळत नव्हतं.

घरी येऊन पोरीनं मोबाईल लावला आणि त्यातून पहिला आवाज आला तो, "थांबा!" पैसे जावेचे, आवाज तिचा. पोरगी तेवढी माझी, आणि तीही बघत होती तिच्याकडंच.

मी डाळिंबाच्या पॅकिंगला जाते. शनिवारी आठवड्याचे पैसे होतात. त्यातल्या शंभराच्या तीन नोटा रविवारी सकाळी जावेला द्यायला लागले. ती म्हणायची, "एवढी घाई कशाला, ताई? मी मागितलेत का?" मागितले असते तर बरं झालं असतं. रोज भाकरी थापताना मी मनात ते पैसे मोजायची. मनात, असं मला वाटायचं.

दिवाळीनंतर गुरुजींनी मुलांना सांगितलं, आता तुमच्या घरातली खरी गोष्ट घ्या, तिचं उदाहरण करा आणि व्हिडिओ पाठवा. मला वाटलं, घरातली गोष्ट म्हटल्यावर तरी ती माझ्याकडे येईल. माझ्याकडे एक तयारही होती, माहेरच्या शेळीची. क्रेटमधे डाळिंबं लावता लावता मी ती जुळवली. एकदा आकडे झाकून, एकदा आकडे घालून. पोरीनं विचारलंच नाही.

तिचा व्हिडिओ मी पहिल्यांदा पाहिला तो पॅकिंगला, दुसऱ्या बाईच्या मोबाईलवर. आमची परात. परातीत चिंचोके, माझ्याच डब्यातले. मागून जावेचा आवाज. "एका बाईला मोबाईल घ्यायचा होता. तिच्याकडं पैसे नव्हते. तिनं जावेकडून उसने घेतले." मग पोरीचा आवाज. "एक चिंचोका म्हणजे शंभराची नोट. असे ऐंशी चिंचोके. दर आठवड्याला बाई तीन देते. तर किती आठवड्यांत मोकळी होईल?" लहान हात तीन-तीन चिंचोके बाजूला सारत होता आणि शेजारी बांगड्यांचा हात परात धरून होता.

बायांना आयतंच सापडलं.

"आल्या बघा ऐंशी चिंचोके!"

"कितवा चाललाय गं आठवडा?"

"सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर. सव्वीसात मोकळी हाय ती."

"जावंचं देणं कुणी एवढं मनावर घेतं व्हय? घरातल्या घरात तर हाय."

मी डाळिंबं पुसत राहिले. एकच डाळिंब किती वेळ पुसत होते कुणास ठाऊक.

घरी आल्यावर पोरीला धरलं. "माझंच उदाहरण सापडलं व्हय गं तुला?"

"गुरुजी म्हणाले, खरी गोष्ट घ्या."

"मग मला इचारायचं न्हाय?"

"काकी म्हणत हुती, आधी आईला इचार. मीच न्हाय इचारलं. तू न्हाय म्हणाली असतीस."

"आणि आवाज काकीचा कशाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू बोलली असतीस व्हय मोबाईलपुढं?"

मी चूल पेटवायला बसले. मग तीच म्हणाली, "तू रोज भाकरी करताना म्हणतीस ना, तीन गेलं, तीन गेलं. तिथनंच घेतलंय मी."

म्हणजे गोष्ट माझी होती. सांगणारी तेवढी जाऊ. हे कळल्यावर हेवा कमी व्हायला हवा होता, तो उलट वाढला. आपल्या डब्यातले चिंचोके दुसऱ्याच्या हातात जास्त शोभतात, हे बघवत नाही माणसाला. संध्याकाळी जावेनं अंगणातून विचारलं, "ताई, काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, "न्हाय." मला एवढंच येतं.

शाळेच्या ग्रुपवर मुलांची उत्तरं आली. बहुतेकांनी सव्वीस लिहिलं. मग गुरुजींनी विचारलं, "पुन्हा गोष्टीत जा. परातीत दोन चिंचोके अजून आहेत. बाई मोकळी झाली का?" त्यावर माझ्या लेकीनं आवाज भरून पाठवला. "सत्तावीस. शेवटच्या आठवड्यात ती दोनच देईल, पण द्यायला जावं तर लागंलच की." तिच्या बोलण्यात काकीचा सूर नव्हता. ती तिच्याच आवाजात बोलली. पोरगी शाळेत गेल्यावर मी ते कितीदा तरी लावून ऐकलं. मोबाईल घेतल्यापासून मी स्वतःसाठी तो पहिल्यांदा हातात धरला.

त्यानंतर एकही रविवार चुकवायची सोय राहिली नाही. वस्तीवरची मुलं माझे आठवडे मोजत होती. पॅकिंग बंद पडलं त्या दिवसांत मी कांदा खुरपायला गेले, पण तीन नोटा दिल्या.

सव्विसाव्या रविवारी पोरगी माझ्याबरोबर आली. जावेनं नोटा घेतल्या आणि म्हणाली, "झालं आता, ताई. राहिलेले दोनशे राहू द्या. पोरीला माझ्याकडून खाऊ समजा."

किती सहज म्हणाली. तिला सोडता येतं. मला कधी असं कुणाला काही सोडून देता आलं नाही, सोडण्याइतकं हातात आलंच नाही. मी हो म्हटलं असतं तर तो मोबाईल जन्मभर दोनशे रुपयांनी तिचा राहिला असता. पण मला 'नको'सुद्धा म्हणता येईना.

पोरगीच बोलली. "काकी, मग माझं उत्तर चुकंल ना."

"का गं?"

"सत्तावीस सांगितलंय मी. तू सोडलंस तर सव्वीस व्हईल."

जाऊ खळखळून हसली. "व्हय की. मग आणा बाई, आणा."

मधल्या आठवड्यात एकदा पोरगी चुलीपाशी येऊन बसली. मी धीर करून तिला शेळीची गोष्ट सांगितली, आकडे झाकून. तिनं सगळी ऐकली आणि म्हणाली, "आई, ह्यात प्रश्न कुठाय?" प्रश्न घालायचा मी विसरलेच होते. मग तिनंच घातला, आणि उत्तर आम्ही दोघींनी काढलं. माझं आधी चुकलं. पण ती उठून काकीकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. जावेचा नवा व्हिडिओ आला होता, पेरूच्या बागेचा. चांगला होता, हे लिहितानाही जड जातं.

आज सत्ताविसावा रविवार. सकाळी आम्ही दोघी गेलो. जाऊ मशीनवर बसली होती. मी शंभराच्या दोन नोटा तिच्यापुढं धरल्या. तिनं घेऊन मशीनच्या खणात टाकायला हात नेला.

"मोज की," मी म्हटलं.

"दोन नोटा काय मोजायच्या, ताई?"

"तरी मोज."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही नोटा वर धरून व्हिडिओत सांगते तशा आवाजात मोजल्या, "एक. दोन." खण लावला. पोरगी म्हणाली, "फिटलं." मी मान हलवली. फिटलं, सगळं.