तळहातावरची वानगी

अण्णांच्या हातात काहीही द्या, ते आधी तळहातावर ओतायचे. बियाणं तर ओतायचेच. पण चहापूड, औषधाच्या गोळ्या, एकदा तर माझ्या लग्नपत्रिकेतल्या अक्षतासुद्धा ओतून त्यांनी एक दाणा दातानं फोडून पाहिला होता. वर म्हणाले, "वानगी पाह्यल्याबिगर बोलायचं न्हाई." जुन्या जालन्यातल्या आडत दुकानात वाढलेला माणूस, दुसरं काय करणार!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या बियाणे कंपनीत डीएनए तपासायची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. अण्णा कपाशीच्या वाणांचे प्रमुख, मी प्रयोगशाळेत नवी. खरं तर त्यांचं तिथं काही काम नव्हतं. पण बदनापूरकडच्या कपाशीच्या प्लॉटवरून आले की चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ते स्टुलावर बसत आणि मला प्रश्न विचारून भंडावून सोडत. डीएनएची अक्षरं टाइप करून पाठवली की तसाच तुकडा यंत्रावर बनून येतो, हे ऐकून त्यांचा चहा गार झाला.

"झाडाबिगर? मातीबिगर? मंग त्याला झाडातलं म्हनायचं का न्हाई?"

मी त्यांचा चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

त्याच वर्षी अण्णांच्या लाडक्या वाणात भेसळ शिरल्याची कुजबुज सुरू झाली. अर्धी नोकरी खर्ची घालून उभा केलेला वाण! भेसळ निघाली तर सगळा प्लॉट उपटायचा ठरला, आणि महिनाअखेरीस अण्णा निवृत्त होणार होते. तपासणीसाठी आम्ही त्या वाणाच्या डीएनएवर नेमका जाऊन चिकटेल असा तुकडा यंत्रावर बनवून मागवला. कुपी आली. मी हातमोजे शोधतेय तोवर अण्णांनी झाकण उघडून ती तळहातावर उपडी केली.

"पोरी, रिकामीच धाडली की!"

"अण्णा, ती तशीच दिसते! सुकवून पाठवतात!" मी ओरडलेच.

त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याच हातानं घालवलं का गं?"

मी कुपीच्या आतल्या कडा थेंबभर पाण्यानं धुतल्या आणि चिकटून उरलं असेल त्यावर काम रेटलं. पानांच्या डीएनएत तो मिसळून नमुने जेलच्या पातळ वडीत सोडले आणि दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत वडीखाली निळसर दिवा लावला. वाण शुद्ध असेल तर एक रेघ दिसणार, भेसळ असेल तर दोन. प्रत्येक पानाच्या नमुन्यासमोर एकच नारिंगी रेघ होती. अण्णा काचेला नाक लावून कितीतरी वेळ पाहत राहिले.

"माझ्या कपाशीनं वळखलं म्हन की त्याला," ते हळूच म्हणाले. "यंत्रातनं आल्ता, तरी सोयऱ्यावानी जागा दिली."

प्लॉट वाचला. अण्णा शहागडला शेतीवर गेले. तिथून फोन यायचा, तो तब्येतीचा नव्हे. "आता केवढा तुकडा बनून राह्यला गं? अख्खं जनुक यायला लागलं की कळव. बिलकुल येतो. हात मागं बांधून."

आमच्याकडे अख्खं जनुक आलं तेव्हा अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं. मी कुपी उजेडात धरली. आत काहीच दिसत नव्हतं.

"अण्णा, रिकामीच धाडली की," मी मोठ्यानं म्हणाले, आणि मग मला रडूच आलं.