आधी बेलापूर

दादा गेल्याचा अकरावा दिवस. भिंगारच्या त्याच्या घरात, त्याच्याच खुर्चीत मी लॅपटॉप उघडून बसले होते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर त्यानं लिनक्सवर चालणारी छोटी मशीनं बसवली होती. दुधाचं माप, फॅट, सगळं त्यांतून डेअरीकडे जायचं. त्यांच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संध्याकाळी पाचला संपणार होती. त्याआधी नवं प्रमाणपत्र असलेलं अपडेट पोचलं नाही, तर डेअरी कुठल्याच केंद्राची नोंद घेणार नव्हती. आणि नोंदीशिवाय टँकर दूध उचलत नाही.

अपडेट तयार करणं दादानं मला शिकवलं होतं. पाठवणं मात्र तो स्वतःकडे ठेवायचा. त्याची रीत ठरलेली: आधी फक्त बेलापूर. तिथल्या केंद्रावरच्या मामांनी 'चालू हाय' म्हटलं, की मग बाकीची गावं.

दीड वाजता मी बेलापूरला पाठवलं. थोड्या वेळानं मामांचा फोन आला.

"ताई, नवं आल्तं, पन दहा मिन्टात पुन्हा जुनंच. रुसलंय जनू."

"परत पाठवते, मामा."

"पाठवा. दादा म्हनायचेच, मामा, आधी तुमचं बिघडवतो, मग बाकीच्यांचं."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तीन वाजून गेले. नवं अपडेट पसंत पडलं नाही, तर मशीन आपणहून जुन्यावर परत जातं, एवढं मला ठाऊक होतं. ही परतीची सोयच काढून सगळीकडे पाठवावं, असं मनात आलं. आज्ञा लिहूनही झाली. पण काही चुकलं असतं, तर सगळी मशीनं एकदम बंद पडली असती, आणि एवढ्या गावांना पाचच्या आत पोचणार कोण?

लिहिलेलं पुसलं आणि मशीनांतला दादाचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मी वाचते सावकाश. त्यावरून तो चिडवायचा. मधेच एका ओळीशेजारी त्याची टीप होती: 'उठल्यावर घरी विचार. उत्तर नाही तर मागे फिर.'

घर म्हणजे हे घर. नवं अपडेट घेऊन पुन्हा सुरू झालं की प्रत्येक मशीन इथल्या कॉम्प्युटरला 'सगळं ठीक ना?' असं विचारायचं. एरवी त्याची गरज नव्हती, म्हणून अकरा दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं.

मी खाली वाकले. टेबलाखालचा कॉम्प्युटर बंद. त्याचा प्लग जमिनीवर पडलेला, आणि त्या जागी दादाच्या फोटोपुढच्या विजेच्या दिव्याचा.

दारात वहिनी उभी होती.

"पंख्यानं तेलाचा दिवा सारखा विझत होता," ती म्हणाली. "तेरा दिवस विझू द्यायचा नाही, म्हणून मीच हा विजेचा लावला. काही चुकलं का?"

मी प्लगकडे बोट दाखवलं. तिनं आधी पंखा बंद केला. समई आणून पेटवली, ज्योत स्थिर होईपर्यंत हाताचा आडोसा धरला. मग विजेचा दिवा स्वतः काढला.

"त्या डब्याला मला कधी झाडूसुद्धा लावू दिला नाही त्यांनी," ती म्हणाली.

कॉम्प्युटर सुरू झाला. मी तिसऱ्यांदा बेलापूरला पाठवलं. दहा मिनिटं उकाड्यात आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. पंधरा झाली. चारला पाच कमी असताना फोन वाजला.

"चालू हाय, ताई," मामा म्हणाले. "आता बिघडवा बाकीच्यांचं."