भित्र्या माणसाने आणलेली पेटी

आमच्या वरवट बकालमध्ये इंद्रभानइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. तो माझा चुलतभाऊ, म्हणून हे मी हक्काने सांगतो. गावात वीज आली तेव्हा लोक खांबाच्या दिव्याखाली पत्ते कुटायला बसले, हा मात्र खांबाला वळसा घालून घरी जायचा. एसटीत दाराजवळची जागा धरायचा, गाडी उलटली तर आधी उतरता यावं म्हणून. वांगी-मिरचीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण साप दिसला की मळा सोडून तडक माझ्या सायकलीच्या दुकानात येऊन बसायचा. आम्ही त्याची थट्टा करायला काही कमी केलं नाही.

एका गोष्टीची थट्टा मात्र मी कधी केली नाही. त्याच्या बायकोची, गीतावहिनीची, पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरी चांगुणा. ती जगली, सातवीत गेली, तरी तिला नुसती शिंक आली तरी इंद्रभानचं तोंड उतरायचं.

आणि पोरगी निघाली बापाच्या अगदी उलट. हळदीला चुना लागला की ती लाल का होते, दूध लिंबाने का फाटतं, लोखंडाला गंज का चढतो, दिवसभर हेच चालायचं. उत्तर नाही मिळालं तर स्वतः करून बघायची. वहिनीची अर्धी हळद त्यातच संपली.

त्या वर्षी कपाशीवर अळी पडली आणि फवारणीचं औषध गावात नवंनवं आलं. पुंजाजीच्या बैलाने बांधावर पडलेला रिकामा डबा चाटला, आणि भर दुपारी आमच्या डोळ्यांदेखत पाय झाडत तो गेला. सगळे बैलाकडे बघत होते. चांगुणाने तो डबा उचलून नाकाशी नेला. इंद्रभानने डबा हिसकावून फेकला, तिचे हात राखेने घासघासून धुतले, आणि मग तो स्वतःच ओट्यावर मटकन बसला. पोरगी त्याच्यापुढे उभी राहून विचारत होती, बाबा, त्याच्यात होतं तरी काय?

तिच्या विज्ञानाच्या मास्तरांनी हे ऐकलं आणि इंद्रभानला बोलावून सांगितलं, पोरीला रसायनांची पेटी आणून द्या, खामगावला मिळते, सोबत पुस्तकही असतं. आठवडाभर तो झोपला नसावा. मग एका सकाळी माझ्या दुकानात येऊन म्हणाला, चाल खामगावले.

शाळांना सामान पुरवणाऱ्या दुकानात दोन पेट्या होत्या. लहानीत एक भिंग, एक लोहचुंबक आणि दोन-चार साध्या पुड्या. मोठीत काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा, आणि कप्प्याकप्प्यांत बाटल्या, प्रत्येकीवर इंग्रजी-हिंदीत लिहिलेली चिठ्ठी. निळे खडे बघून इंद्रभान मागे सरला. ते विषारी मोरचूद आहे एवढं त्याला मिरचीच्या फवारणीमुळे ठाऊक होतं. मी म्हटलं, लहान घे, तुझाही जीव वाचेल. दुकानदार म्हणाला, अहो, पोरांचा खेळ आहे, कशानेही काही होत नाही. इंद्रभानच्या कपाळावर घाम होता. त्याने तो उपरण्याने पुसला आणि मोठ्या पेटीवर बोट ठेवलं. ऊन लागलं की काय याला, असं मला वाटलं.

"लहानीनं चार दिवसांत तिचं मन भरन," तो मला म्हणाला. "मंग ती बाहेर धुंडीन. डबा उचलला होता तिनं, इसरला काय तू? जे करायचं ते घरात करू दे, माह्या डोयासमोर."

म्हणजे मोठी पेटीसुद्धा त्याने भीतीनेच घेतली. येताना एसटीत तो मांडीवर पेटी धरून मधल्या बाकावर बसला. दार कुठे आहे हे त्याने पाहिलंही नाही.

घरी आल्यावर पेटी पोरीच्या हाती पडली नाही. ती गोठ्यातल्या माळ्यावर गेली. आधी तो स्वतः पारखणार होता. आमच्या भागात पारखायची रीत एकच, जिभेवर ठेवायचं. युरिया गार लागला की अस्सल. विहिरीचं पाणी मचूळ आहे का, तेही जिभेनेच. इंद्रभानची जीभ तर गावात नावाजलेली, सोसायटीत खत उतरलं की लोक त्याला बोलावून न्यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चांगुणा शाळेत असताना, तो गोठ्यात बसला. मोरचुदाची बाटली बाजूला ठेवली आणि बाकीच्या एकेक उघडत गेला. जिभेचं टोक लावायचं, थुंकायचं, चूळ भरायची, आणि आता काय होतं म्हणून डोळे मिटून बसायचं. एक खारट निघाली, एक तुरटीसारखी. मग पांढऱ्या खड्यांची बाटली आली. ते आंबट लागले, थेट लिंबाच्या सतासारखे. ओळखीची चव. त्याने नीट पारखायला चिमूटभर तोंडात टाकली आणि गिळली.

वहिनीची किंकाळी ऐकून मी धावलो. इंद्रभान पोट धरून गोळा झाला होता, ओकत होता, ओठ पांढरे पडले होते. मला तो बैल आठवला. वहिनीने कोणाला तरी शाळेत पिटाळलं.

चांगुणा पळत आली. आपली पेटी तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली, गोठ्यातल्या कडब्यावर उघडी पडलेली. कोणती बाटली, एवढंच तिने विचारलं. बापाने बोट दाखवलं. तिने चिठ्ठी वाचली, पेटीतलं हिंदी पुस्तक काढलं, आणि ओळींवरून बोट फिरवत वाचू लागली. आम्ही मोठी माणसं तिच्या तोंडाकडे बघत उभे होतो. मग ती म्हणाली, चुन्याची निवळी आणा, दूध आणा. ते पाजलं आणि त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चिमूट लहान होती आणि निवळी वेळेवर गेली.

तो घरी आला त्या दिवशी मी त्याच्या बाजेशी बसलो होतो. चांगुणाने पेटी सुतळीने करकचून बांधून माझ्यापुढे ठेवली आणि परत देऊन या म्हणाली. करून बघायचं सोडून देणारी ही पोर नव्हती.

"बाबा, तुमी चाखलं काऊन?" ती म्हणाली. "त्याच्यावर इष लिवलं होतं."

"तुले वाचता येते," इंद्रभान म्हणाला. "माह्याजवळ जीभच हाय."

ती रडू लागली. त्याने तिला पोटभर रडू दिलं. मग उठून बसला आणि विचारलं, "भेव वाटून राह्यलं काय तुले?"

"लय."

इंद्रभानने सुतळी सोडली आणि पेटी तिच्याकडे सरकवली.

"ते आंबट लागलं तवा माह्यं भेव गेलं, अन् तवाच घात झाला," तो म्हणाला. "तुले आता भेव हाय ना? मंग लाव हात."