सारसोळ्याची हिरामावशी आणि पिलाटेजचा क्लास

हिरामावशी आज सकाळी गेली. त्र्याऐंशी वर्षांची होती, आणि गेल्या महिन्यापर्यंत जमिनीवरून हात न टेकता उठत होती.

माझ्या पिलाटेज क्लासची ती सगळ्यात जुनी स्टुडंट. धंदा मासे विकायचा, गाव नेरूळच्या खाडीकाठचं सारसोळे.

१९९८ ची गोष्ट. मी नुकतीच सिंगापूरहून परतले होते. तिथे नवऱ्याची नोकरी होती, आणि मी दोन वर्षं पिलाटेज हा जमिनीवर श्वासाच्या लयीत करायचा व्यायाम शिकले होते.

नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास काढला. बाहेर बोर्ड लावला.

लोकांनी तो ‘पायलट’ असा वाचला. एका गृहस्थांनी फोन करून विचारलं, "मुलाला बारावीला फिजिक्समध्ये मार्क कमी आहेत. चालेल का?"

पहिल्या आठवड्यात सहा बायका आल्या. तिसऱ्या आठवड्यात एकटी सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको, मालतीताई. त्यासुद्धा शेजारधर्म म्हणून.

चूक माझीच होती. मी इंग्रजीत शिकलेलं तसंच्या तसं मराठीत सांगायचे. "नाभी मेरुदंडाकडे न्या." बायका एकमेकींकडे बघायच्या.

महिनाअखेर क्लास बंद करायचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

त्याच आठवड्यात हिरामावशी हॉलच्या पायरीवर बसली. आमच्या बिल्डिंगमध्ये दर बुधवारी, शुक्रवारी ती मासे घेऊन यायची. त्या दिवशी पाटी उतरवली आणि तिला परत उठताच येईना.

मी हात दिला. उठली, आणि दारातून आत बघत म्हणाली, "गो बाय, या मालतीताई हितं निजून काय करतान?"

"व्यायाम. पाठीला, पोटाला ताकद येते. डोकंही शांत होतं."

"मना पन शिकव. पोर बोलतो, दिवालीपासून धंदा बंद, घरान बस. घरान बसून काय करू, भिंत बगू?"

हसत म्हणाली, पण डोळे भरले होते. नवरा गेल्यापासून ती पाटी हाच तिचा दिवस होता. चार दारी बोलणं, भांडणं, घासाघीस. ते गेलं तर काय उरणार?

मी तिला आधी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं. हाड ठीक होतं, स्नायू थकले होते. व्यायाम चालेल म्हणाले, पण हळूहळू.

पहिल्या दिवशी तिला सतरंजीवर आडवं केलं आणि सांगितलं, "डोळे मिटा, लांब श्वास घ्या."

मावशी घोरायला लागली.

मालतीताई इतक्या हसल्या की त्यांच्याच पोटाचा व्यायाम झाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच, नाभी आणि मेरुदंड. मावशीने मला थांबवलं.

"म्हंजे होरी वल्हवताना पोट आत घेताव, तसा?"

मी स्वतः वल्हं मारल्यासारखं करून बघितलं. मग म्हटलं, "हो. अगदी तसंच."

"मग तसा बोल ना गो!"

त्या दिवसापासून मी तसंच बोलायला लागले. मणक्यामागून मणका टेकवत पाठ जमिनीवर आणायची, तर "जाळं पसरतो तशी पाठ पसरा." मालतीताईंसाठी "चपाती लाटतो तसा खांदा सैल." दोघींना पटकन जमायचं. ऐकून बाकीच्या बायकाही परत आल्या.

आम्ही सगळ्या ओढण्या सावरत असायचो. मावशीच्या काष्ट्याच्या लुगड्याला काही टेन्शनच नव्हतं.

चार महिने तिने एक दिवस चुकवला नाही. एकदा म्हणाली, "या टायमाला डोक्यान काय येत नाय बग. पोर नाय, सून नाय, बाजार नाय. निसता श्वास."

दिवाळीच्या आधी तिचा मुलगा काशिनाथ स्वतः बघायला आला. त्याच्यासमोर तिने गुडघ्यातून वाकून, पोट आत घेऊन, भरलेली पाटी उचलली आणि डोक्यावर ठेवली.

त्याने पाटीला हात लावून वजन बघितलं. मग एवढंच म्हणाला, "जा मग. पन उन्हाची नको फिरू."

पुढच्या आठवड्यात मावशी पाच जणींना घेऊन आली. सगळ्या सारसोळ्याच्या, सगळ्यांच्या कंबरा गेलेल्या.

आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डवर कागद लागला. बाहेरच्यांना हॉल मिळणार नाही. वास येतो, अशी तक्रार आहे.

मी भाडेकरू. घाबरले. मावशीला हे सांगावंच लागलं.

तिला वाईट वाटलं. पदर नीट केला. मग म्हणाली, "हॉल त्यांचा हाय. तुजी इद्या त्यांची नाय ना? चल."

आणि मला सारसोळ्यात घेऊन गेली. देवळापुढचं अंगण, एका बाजूला जाळी वाळत घातलेली, खाडीवरून गार वारा. इतकी चांगली जागा मला सिंगापुरातही मिळाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी अंगणात रिक्षा थांबली. आतून मालतीताई उतरल्या, काखेत सतरंजी.

"ह्यांना सांगून आले," म्हणाल्या, "नोटीस तुम्ही काढली, मी काही सही केलेली नाही."

मावशीने आपल्या शेजारी जागा करून दिली. "या. हितं वारा चांगला लागतो."

महिन्याभरात सोसायटीच्या निम्म्या बायका तिथे. क्लास सुटला की तिथेच ताजी कोलंबी घ्यायच्या.

पुढे मी स्वतःचा स्टुडिओ काढला, मोठमोठी यंत्रं आणली. मावशीने ती फिरून बघितली आणि खाली मॅटवरच बसली. सत्तरी उलटेपर्यंत मासे विकले तिने.

आज तिच्या घरी गेले होते. काशिनाथ आता स्वतः आजोबा आहे. म्हणाला, "परवा नातसुनेला शिकवत होती. बालंतपनानंतर श्वास कसा घ्यायचा ते. पोरगी रडत होती, तिला हसवली."

उद्या सकाळची बॅच नेहमीसारखी होईल. सुट्टी दिली असती तर मावशीने मला शिव्या घातल्या असत्या.

हिरामावशी, तुला मनापासून नमस्कार. सुखाने जा.